मरीन पार्कला ओहोटी किती वाजता असते? लवकर सांगा, तिकीट काढायचंय

वर्धारोडकर
मुलांना घेऊन मरीन पार्कला चाललो आहे, पाणी ओसरलं की खडकांतल्या डबक्यांत ऑक्टोपस वगैरे दिसतात असं ऐकलं. हॉटेलवाला म्हणतो सकाळी या, एजंट म्हणतो दुपारी, नेमकं खरं काय? आज तिकीट काढलं नाही तर वेटिंगच मिळेल. ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा प्लीज.

तिवरवाट
कुठलं मरीन पार्क? तारीख कोणती? ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे जाते, त्यामुळे तारखेशिवाय काहीच सांगता येणार नाही.

संत्रानगरी
भाऊ, गुजरातचंच मरीन पार्क असणार. ओख्याला जाणारी शालीमारची गाडी नागपूरवरून जाते, जामनगरला थांबते. आठवड्यातून एकदाच आहे, तीच पकडा. अहमदाबादला गाडी बदलायच्या भानगडीत पडू नका, सामान आणि पोरं घेऊन लय त्रास होते.

वर्धारोडकर
गाडीचं विचारलंच नाही हो. जामनगरजवळचं नरारा. दिवाळीच्या सुट्टीत.

मालवणकर_१
एवढ्या लांब कशाला? आमच्या मालवणला या, 1987 पासून समुद्री अभयारण्य आहे. आणि ओहोटीचं गणित सोपं आहे, तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन. त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी, सकाळी सव्वाआठ.

तिवरवाट
दादा, हे गणित कोकणात बरोबर, कच्छच्या आखातात नाही. भरती आखाताच्या तोंडातून आत शिरते, जितकं आत जाल तितकी वेळ पुढे सरकते. नरारा वाडीनारजवळ आहे, म्हणून आखाताच्या तोंडाशी असलेलं ओखा आणि पार आतलं कांडला, दोन्ही बंदरांच्या वेळा बघा, त्यांच्या मधली धरा. आणि मालवणला पाणी एवढं उतरतच नाही, आखातात कितीतरी जास्त उतरतं, म्हणून तर नराऱ्याला पोहता न येणारा माणूसही प्रवाळापर्यंत चालत जातो.

मालवणकर_१
आमच्या आजोबांनी याच गणितावर होडी घातली आयुष्यभर.

तिवरवाट
मालवणात, हो. मान्यच आहे.

रामटेकवाली
दिवाळीत काहून जाऊन राहिले? लाभपंचमीपर्यंत अख्खा गुजरात फिरायला निघते. ताडोबा नाही तर नागझिरा करा ना, जवळ आहे.

तिवरवाट
ताई, गर्दीचं खरं आहे, पण पंचमी उलटून अष्टमी जवळ आली की पाणी कमी उतरतं आणि लांबचा खडक उघडाच पडत नाही. अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले. भाऊबीज घरी करून निघायचं असेल तर पोचेपर्यंत ते दिवस जातील, हे आधी ठरवा.
मुलं किती वर्षांची? सगळ्यांची ओळखपत्रं ठेवा, वनखात्याची परवानगी लागते. चप्पल नको, आधी तिवरांमधला चिखल लागतो आणि पुढे प्रवाळाची धार, पायात घट्ट बसणारे बंद बूट घाला. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी आत शिरा आणि पाणी फिरलं की गाइड म्हणेल तेव्हा लगेच मागे वळा, ओहोळ आधी भरतात.
एक कळकळीची विनंती. गाइडने फुगा मासा हातावर घेऊन दाखवायला काढला तर नको म्हणा. तो घाबरून फुगतो, खूश होऊन नाही. दगड उचलला तर तसाच परत ठेवायला सांगा, खालच्या बाजूला स्पंज आणि अंडी चिकटलेली असतात, उलटा राहिला तर उन्हात सगळं वाळतं. मुलांनी डबक्याजवळ उकिडवं बसून सावली न पाडता थोडा वेळ बघितलं की खेकडे आपसूक बाहेर येतात.

संत्रानगरी
गाडीत जेवण घरचंच न्या.

वर्धारोडकर
मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. मग लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवशीच निघतो, भाऊबीजेचं बहिणीशी बोलतो. पाच वर्षांच्याला चिखलात चालवेल का? नाहीतर बायको त्याला घेऊन काठावर थांबेल, तिथे सावली आहे का बसायला?

तिवरवाट
आत सावली नाही, टोपी आणि पाणी भरपूर न्या. लहान्याला पहिल्या खडकापर्यंत न्या, तिथेही खेकडे, शंख भरपूर दिसतात. पुढे एकाने मुलीला घेऊन जा, मग अदलाबदल करा.