आईबाबांना घेऊन एक दिवस नॅरोबोटवर: जमेल का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आईबाबा जूनमध्ये आमच्याकडे इंग्लंडला येतायत. बाबांना नॅरोबोटमधून, म्हणजे इथल्या लांब, अरुंद बोटीतून, कालव्यावर फिरायची फार हौस आहे, म्हणून ब्रॉन्स्टन गावाहून एका दिवसासाठी बोट भाड्याने घ्यावी म्हणते. आमच्यापैकी कुणीच कधी बोट चालवलेली नाही आणि आईचे गुडघे दुखतात. कुठपर्यंत जाऊन संध्याकाळी परत येता येईल? लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे दोन्हीकडे दारं असलेले हौद, घ्यावीत की टाळावीत?

काठावरचा:
जरूर जा. परवाना लागत नाही, निघण्याआधी बोटवाले सगळं शिकवतात. नापटन गावाच्या टेकडीच्या पायथ्याच्या लॉकपर्यंत जा. तिथवर वाटेत एकही लॉक नाही, जायला अडीच-तीन तास लागतात. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, पण काठाला बांधलेल्या बोटींजवळून अगदी सावकाश जायचं, नाहीतर त्यांचे दोर ताणून खुंट्या उपटतात. अशा बोटी खूप लागतात, तेव्हा घड्याळ विसरा. फक्त बोट कुठे वळवायची ते नकाशात आधी बघून ठेवा. लांब बोट कालवा मुद्दाम रुंद केलाय तिथेच वळते.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं. पहिला अर्धा तास नागमोडी जाल, सगळेच जातात. बोट मधल्या मध्ये फिरते हे मात्र लक्षात ठेवा. नाक पुलाखालून बाहेर पडलं की लगेच वळायचा मोह होतो, आणि शेपूट विटांवर घासतं.

आम्ही गेलो तेव्हा सासरे बरोबर होते, वय ७४. एका पुलापाशी थांबलो तर कमानीच्या कडेला खाचा दिसल्या, आडव्या, गुळगुळीत, हाताचं बोट सहज आत जाईल एवढ्या खोल. पूर्वी बोटी घोडे ओढायचे, त्यांच्या ओल्या, वाळू लागलेल्या दोरांनी घासून घासून पडलेल्या. सासरे एकेका खाचेत हाताचं बोट घालून बघत होते. तुमच्या बाबांनाही तिथे उतरवा.

आईंसाठी: आत उतरायच्या पायऱ्या उभ्या असतात. पुढच्या मोकळ्या जागेत खुर्ची टाका, दिवसभर तिथेच बसू दे. इंजिन मागे असतं, त्यामुळे पुढे पाण्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

उनाडपाऊस:
सगळं पटलं, पण लॉकशिवाय कालवा काय पाहिला? नापटनला नऊ लॉक आहेत, एक-दोन तरी घ्याच. चढताना वर पवनचक्की दिसते, कधी पुढे, कधी बाजूला, कारण कालवा टेकडीला वळसे घालत जातो. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने तो पातळी सांभाळत आखलाय. ब्रिंडली १७७२ मध्येच वारला आणि कालवा ऑक्सफर्डला १७९० मध्ये पोचला.

काठावरचा:
उनाडपाऊस, लॉक मलाही फार आवडतात. पण पहिल्याच दिवशी, दोघं वयस्कर माणसं बोटीवर असताना? मी नाही म्हणेन. कारण सांगतो.

खाली उतरताना वरच्या दाराच्या आतल्या बाजूला दगडी उंबरा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, बोटीचं शेपूट तिच्या पुढेच हवं. नापटनलाच उतरताना मी सुकाणूवर होतो, बायको खालच्या दारावर. मी फोटो काढत राहिलो आणि बोट हळूच मागे सरकली. बघतो तर रेघ माझ्या खांद्याशेजारी. मागे उंबरा वर येऊ लागलेला, हिरवागार, शेवाळाने भरलेला, वरून पाणी निथळतंय. मी ओरडलो, हिने तत्काळ पॅडल, म्हणजे पाणी सोडणारी झडप, पाडून बंद केलं. खटखटखट आवाज झाला आणि पाणी उतरायचं थांबलं. शेपूट उंबऱ्यावर टेकलं असतं तर नाक खाली जाऊन बोटीत पाणी शिरलं असतं. त्यानंतर मी लॉकमध्ये फोन हातात घेतलेला नाही.

रानजाई, मधला मार्ग सांगतो. पायथ्याच्या लॉकखाली बोट बांधा, जेवा, आणि बाबांना घेऊन काठाने चालत वर जा. येणाऱ्या बोटींना दार ढकलायला हात हवेच असतात. विचारा, आनंदाने हो म्हणतील. दाराच्या लाकडी दांड्याला पाठ लावून रेटायचं. दोन्हीकडचं पाणी सारखं झालेलं नसेल तर चार जणांनाही दार हलत नाही. सारखं झालं की एकटा माणूस हलवतो, आधी अगदी केसभर, मग सरकत जातं. तो क्षण बाबांना पाठीला कळू दे.

रानजाई:
हे बाबांना आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, उंबऱ्याचं काही नको, दार मात्र मी ढकलणार. आईने विचारलंय, खुर्चीला पाठ असेल ना?

काठावरचा:
बोटीवर नसेलही. घरची घडीची खुर्ची न्या, पाठ असलेली. आणि जूनमध्येसुद्धा शाल असू दे, पुढे वारा लागतो.