'टी पार्टी'ला मराठीत काय म्हणावं? (आणि ती 'करबंदी' होती का?)

शाईदौत:
मंडळी, अडले आहे. मुलांसाठीच्या इतिहासाच्या एका पुस्तकाचा अनुवाद करतेय. त्यात अमेरिकेतल्या बॉस्टनचं प्रकरण आलं. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री, इंग्रजांनी चहावर लावलेल्या कराच्या रागानं लोकांनी तीन जहाजांवर चढून ३४२ पेट्या चहा बंदरात ओतला, ते. मी 'बॉस्टन टी पार्टी' असंच ठेवलं होतं. मुद्रितशोधकांनी त्याची 'बॉस्टनची चहामेजवानी' केली आणि समासात लिहिलं, 'शक्य तिथे मराठी'. परिच्छेद भाचीला वाचायला दिला, तर तिचा पहिला प्रश्न, "मावशी, खायला काय होतं?"
दुसरं म्हणजे, पुढे मी 'बॉस्टनकरांची ही करबंदी' असं लिहिलंय, त्यावरही लाल प्रश्नचिन्ह. करबंदी म्हणजे सरकारनं कर बंद करणं, असं त्यांचं म्हणणं. आमचे आजोबा तर 'करबंदीत आत होतो' असं सांगायचे. सरकारनं कर बंद केला म्हणून कुणी आत जातं का?

जुना पेठकर:
ताई, ध चा मा झाला तुमच्या मजकुराचा! योगायोग बघा, साल तेच. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. म्हणजे शनिवारवाड्यातल्या त्या प्रकारानंतर साडेतीन महिन्यांनी बॉस्टनला चहा बुडाला. आनंदीबाईंनी अक्षर बदललं ही दंतकथाच, पण मुद्रितशोधकांना सांगायला बरी आहे.

अमरकोश:
'पार्टी'चं भाषांतर व्हायलाच हवं. 'चहापान' हा रुळलेला शब्द असताना मेजवानी कशाला? 'बॉस्टनचं चहापान'.

फोडणी:
चहापान म्हटलं की मला अधिवेशनाच्या आदल्या दिवशीचं मुख्यमंत्र्यांचं चहापान आठवतं, ज्यावर विरोधक बहिष्कार टाकतात. तसं बघितलं तर अगदीच चपखल आहे. 😄

शाईदौत:
@फोडणी, हसू आलं खरं. पण मोठ्यांना कळणारा विनोद बारा वर्षांच्या मुलीला कसा कळणार?

चार्ल्सकाठी:
मी बॉस्टनलाच राहतो म्हणून दोन शब्द. त्या काळी हे नाव नव्हतंच. बॉस्टनचे लोक 'चहाचा नाश' म्हणत. 'टी पार्टी' हे नाव छापील मजकुरात दिसायला लागलं १८२० नंतर, तेही त्यातले बरेचसे लोक वारल्यावर. मूळ नावावर जायचं तर 'चहाची नासाडी' म्हणा की.
बंदरात त्या जहाजांची प्रतिकृती आहे, पाहुणे आले की नेतो. तिथं पेटी उचलून पाण्यात फेकायला देतात. पेटीला दोर बांधलेला असतो, फेकून झाली की ओढून वर घ्यायची आणि पुढच्याच्या हातात द्यायची. आमच्या सासऱ्यांनी फेकायच्या आधी पेटी हलवून बघितली, वास घेतला आणि म्हणाले, "रिकामी आहे."

फोडणी:
'चहाची नासाडी' नको. उकळून उतू गेल्यासारखं वाटतं.

वसुलीबाकी:
पोट भरतो कर सल्लागार म्हणून, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. तो 'कर' नव्हताच, ती जकात होती. पौंडामागं तीन पेन्स, माल धक्क्यावर उतरला की भरायची, तीही माल मागवणाऱ्यानं. पहिलं जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त, आणि ती मुदत १७ तारखेला संपत होती. म्हणून १६ ची रात्र. माल उतरूच द्यायचा नाही, म्हणजे जकात लागूच होत नाही. भरायला नकार देणं वेगळं, लागूच होऊ न देणं वेगळं. करबंदी म्हणता येणार नाही.

अमरकोश:
जकात हा अरबी शब्द. मूळ अर्थ दानधर्म. 'शुल्क' म्हणा.

वसुलीबाकी:
शुल्क भरायला लोक काउंटरवर जातात. जकातीला नाका लागतो, झडती लागते, रांगेत ट्रक लागतात. २०१७ ला मुंबईची जकात गेली, पण रिक्षावाल्याला अजून 'जकात नाका' सांगितलं की तो बरोबर नेतो. मग बॉस्टनला जकात म्हणायला काय हरकत?

अमरकोश:
संस्कृतात कराला 'बलि' हाही शब्द आहे. राजाला द्यायचा तो बलि. आपला बळी जातो तो त्यातलाच, असं माझं मत आहे.

फोडणी:
तुमचं मत बरोबर की चूक ठाऊक नाही, पण मार्चअखेरीला पटतं.

शाईदौत:
मग करबंदी चूकच का? आजोबांचं काय?

जुना पेठकर:
तुमचे आजोबा बरोबर, आणि शोधकबुवा अर्धे बरोबर. 'बंदी'ची गंमत अशी की दारूबंदी, जमावबंदी, नसबंदी हे सगळं सरकार करतं, आणि करबंदी-साराबंदी मात्र प्रजा करते. १९२८ ला बारडोलीत सारा २२ टक्क्यांनी वाढवला तेव्हा शेतकऱ्यांनी केली ती साराबंदी. भांडी, गुरं जप्त झाली, पण सारा दिला नाही. शेवटी चौकशी होऊन वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. त्याला सरकारनं सारा बंद केला असं कोण म्हणेल?

तळकोकणी:
आमच्या शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. आजी त्याला 'कायदेभंग' म्हणायची, करबंदी कधीच नाही. कारण कर भरायचा नाही असं तिथं काही नव्हतंच. मिठागरात शिरून मीठ उचललं की कायदा मोडला, संपलं. बॉस्टनलाही तेच झालं ना? मग 'कायदेभंग' लिहा.

चार्ल्सकाठी:
आणि बॉस्टनचं गांधीजींच्या सत्याग्रहाशी नातंही आहे. १९०८ साली जोहान्सबर्गला मशिदीसमोर भारतीयांनी नोंदणीपत्रं कढईत घालून जाळली, तेव्हा एका वार्ताहरानं त्याची तुलना बॉस्टनशी केली होती. गांधीजींनी स्वतः ते लिहून ठेवलंय. १९३१ ला व्हाइसरॉय आयर्विनबरोबरच्या बोलण्यांत त्यांनी चहाच्या वेळी पुडीतलं मीठ काढलं आणि बॉस्टनची आठवण करून दिली, असा किस्साही सांगतात.

फोडणी:
मला एक कळत नाही. इतका राग होता तर चहा महाग झाला असेल ना?

चार्ल्सकाठी:
उलट! स्वस्त झाला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींत चहा पडून होता, कंपनी बुडायला आली होती. म्हणून पार्लमेंटनं मे १७७३ च्या कायद्यानं तिला मधले दलाल टाळून थेट वसाहतींत विकायची मुभा दिली आणि इंग्लंडातली जकात माफ केली. तीन पेन्स तेवढे ठेवले. लोकांना वाटलं, स्वस्ताईचं आमिष दाखवून जकात गळी उतरवतायत. चोरटा डच चहा विकणाऱ्यांचाही धंदा बसणार होता, हे पाठ्यपुस्तकात जरा हळू आवाजात असतं.

जुना पेठकर:
कंपनीनं बंगालात काय केलं तेही सांगा की. १७७० चा बंगालचा दुष्काळ. माणसं मेली, तरी १७७१ ची वसुली १७६८ पेक्षा जास्त झाली, हे बंगालचा तेव्हाचा गव्हर्नर हेस्टिंग्जनं स्वतः कळवलंय. अमेरिकेतल्या पत्रकांतूनही तेव्हा लिहिलं जात होतं की ज्या कंपनीनं आशियात हे केलं ती आता आपल्या दारात आलीय. मुलांच्या पुस्तकात हे आहे का, ताई?

शाईदौत:
एक ओळही नाही. चहा 'भारतातून' आला असं मात्र आहे!

चार्ल्सकाठी:
खोडा ते. सगळा चिनी होता. आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला १८३९ ला. त्या पेट्यांत जास्त करून 'बोही', म्हणजे फुजियानमधला वुयी डोंगर, त्याचंच बिघडलेलं नाव. 'टी' हा शब्दही त्याच किनाऱ्यावरच्या 'ते' वरून, डचांमार्फत. आपला 'चहा' दुसऱ्या वाटेनं आला, 'छा' वरून.

तळकोकणी:
आमच्याकडे 'चाय' म्हणतात, आणि मुंबईकर ऐकले की 'हिंदी बोलतोस का' विचारतात.

अमरकोश:
@शाईदौत, वसाहतीतल्या लोकांच्या घोषणेचं काय केलंत? 'प्रतिनिधित्वाविना करआकारणी नाही'?

शाईदौत:
'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' असं आहे सध्या.

वसुलीबाकी:
हे वाचून माझा अशील म्हणेल, "साहेब, आपल्याला प्रतिनिधी नाही, म्हणजे आपल्याला माफी ना?" सूट मिळाल्यासारखं वाटतं ते. घोषणा ओरडता आली पाहिजे.

जुना पेठकर:
'प्रतिनिधी नाही, तर पट्टी नाही!'

फोडणी:
वा! हे घ्या.

अमरकोश:
पट्टी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी. नगरपालिकेचा मोर्चा वाटेल.

जुना पेठकर:
पेशव्यांच्या दप्तरात नाना तऱ्हेच्या पट्ट्या आहेत हो. नगरपालिका फार नंतरची.

शाईदौत:
पट्टी घेतेय. आता 'पार्टी'चं सांगा, शुक्रवारी फॉर्म छपाईला जातोय.

तळकोकणी:
त्याआधी एक. 'चहाची पावडर पाण्यात ओतली' असं लिहिलंय का? पावडर नव्हती, पानं होती.

शाईदौत:
'चहापत्ती' लिहिलंय.

अमरकोश:
'चहापत्ती' हिंदी आहे. 'चहाची पूड'.

तळकोकणी:
अहो, पानं होती म्हणतोय ना. पूड कशी?

फोडणी:
आमच्याकडे दुकानात 'भुकटी' मागितली तर दुधाची देतात.