वजन-गटाच्या मासिक यादीवरून

बी-३०२: सचिवकाका, सोसायटीतल्या वजन उतरवणाऱ्यांच्या गटाची या महिन्याची यादी आपण आज सकाळी ग्रुपवर सर्वांसमोर टाकलीत आणि तिच्यात माझ्या नावापुढे पुन्हा लाल अक्षरांत 'बदल नाही' असा शेरा आहे. ठरलेला आहार मी मोडलेला नाही, चालणे चुकवलेले नाही, तरीही काटा हलत नसेल तर त्याची जाहीर नोंद करून कोणाला काय मिळते? यापुढे माझे आकडे ग्रुपवर येऊ नयेत, ही विनंती. असा शेरा वाचला की दुसऱ्या दिवशी पायात बूट घालावेसे वाटत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

सचिव: ताई, आपल्याला वाईट वाटले असेल तर दिलगीर आहे. मात्र यादी टाकण्याचे जानेवारीच्या बैठकीत सर्वानुमते ठरले होते आणि आपणही हजर होतात. चढाओढ असली की हुरूप टिकतो, एवढाच त्यामागचा हेतू.

ए-१०४: यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही, हिशेब सरळ आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० कमी घेतल्या तर पंधरा-सोळा दिवसांत एक किलो उतरलेच पाहिजे. उतरत नसेल, तर कुठेतरी जास्त खाल्ले जात आहे.

बी-३०२: काका, आपण वयाने मोठे आहात म्हणून एवढेच म्हणते, की माझ्या ताटात आपण डोकावलेले नाही.

ए-५०३: काटाच बदलून टाकू या, सगळे एका दिवसात बारीक होतील!

बी-४०१: भाऊजी, थट्टा पुरे. ज्याला एकदाही वजन उतरवावे लागलेले नाही, त्याने या विषयावर विनोद करू नये.

ए-५०३: वहिनी, वातावरण हलके करावे म्हणून लिहिले होते. क्षमस्व.

सी-२०१: मी डॉक्टर म्हणून दोन शब्द लिहिते. १०४ मधल्या काकांचा आकडा खोटा नाही, पण तो जिथे लावला जातो तिथे तो लागू पडत नाही. एका पौंडाला (सुमारे ४५४ ग्रॅमला) ३,५०० कॅलरी हे तेच गणित मॅक्स विश्नोफ्स्की यांनी १९५८ मध्ये मांडले; ते महिनोन्महिने जसेच्या तसे पुढे ओढले की फसते, कारण वजन उतरते तसा शरीराचा रोजचा खर्चही उतरतो. हलके शरीर चालवायला ऊर्जा कमी लागते आणि त्यावर शरीर स्वतःहून आणखी थोडी काटकसर करते. पहिल्या आठवड्यातली ५०० ची तूट, ताटात काहीही न बदलता, काही महिन्यांनी बरीच आटलेली असते. ताईंचा काटा थांबला आहे तो बहुधा इथे. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

ए-१०४: आपल्या ज्ञानाचा आदर राखून पुन्हा सांगतो, की एक किलो म्हणजे ७,७०० कॅलरी. निसर्गाचा नियम यादी पाहून बदलत नाही.

सी-२०१: काका, नियम तोच आहे, पण खर्चाची बाजू स्थिर आहे असे आपण धरून चालला आहात. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही-स्पर्धेतील १४ स्पर्धकांना केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी भरला. त्याआधी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले होते, की वजन उतरल्याला वर्ष झाले तरी भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक चढेच राहते आणि पुरेसा साठा असल्याची खबर मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक खालीच राहते. म्हणजे ज्या महिन्यात काटा थांबतो, त्याच महिन्यात भूकही जास्त लागते. अशा वेळी माणसाला लाल शेरा दाखवायचा, की त्याच्या पाठीवर हात ठेवायचा?

सचिव: डॉक्टर, शेऱ्याचा रंग मी निवडलेला नाही, तो तक्त्यात आपोआप येतो. दर महिन्याला ही यादी मी एकटा करतो आणि आजवर कोणी 'आम्ही मदत करू का' असे विचारलेले नाही, हेही नोंदवून ठेवतो.

बी-४०१: काका, आपल्या कष्टांविषयी कोणाचीच तक्रार नाही. पण यादीविषयी मलाही बोलायचे आहे. मागच्या खेपेला माझे वजन ठरवल्याप्रमाणे उतरले, याच ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला, आणि त्यानंतरच्या आठवड्यात सकाळी कशासाठी उठायचे तेच मला समजेना. यादीत 'उतरले' आणि 'वाढले' एवढेच रकाने आहेत. उतरलेले वजन जागेवर राखणाऱ्यासाठी रकानाच नाही, त्याच्या नावापुढेही 'बदल नाही' असेच येते. माझे वजन परत आले ते त्या काळात, आणि तेव्हा मला एकाही घरातून चालायला हाक आली नाही.

बी-३०२: वहिनी, मला नेमके हेच म्हणायचे होते.

ए-१०४: मग काय, मोजायचेच नाही? मोजले नाही तर ७,७०० चा हिशेब लागणार कसा?

सी-२०१: मोजायचे, अवश्य मोजायचे. अमेरिकेत १९९४ मध्ये रीना विंग आणि जेम्स हिल यांनी अशा लोकांची नोंदवही सुरू केली, ज्यांनी किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर राखले आहे. त्यांतले बहुतेक जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात आणि रोज तासभर तरी हालचाल करतात. पण तो आकडा त्यांच्या स्वतःसाठी असतो. खारट जेवण, पाळीच्या आधी अंगात साठणारे पाणी, एवढ्यानेही काटा किलोभर वर जातो, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याची उमेद एका सकाळीत खचते. म्हणून महिन्याच्या एका आकड्यावर निकाल लावू नये. गटाने मोजायचेच असेल, तर जे माणसाच्या हातात आहे ते मोजावे: आठवड्यात किती दिवस चाललो, स्नायू टिकावेत म्हणून किती दिवस वजने उचलली, झोप किती झाली.

बी-३०२: आणि मध्ये खंड पडला तर? मला त्याचीच धास्ती वाटते. एक दिवस गेला की सगळे गेले, असे मन म्हणू लागते.

सी-२०१: लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयीचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. शिवाय ताई, आपले वजन पाच-सहा किलोंनी उतरलेले आहे, ते कोणी विसरू नये. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या अमेरिकी अभ्यासात सरासरी तेवढ्याच घटीने आणि नियमित हालचालीने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले होते.

बी-३०२: हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. खरे तर तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून थांबावे लागत असे, ते आता लागत नाही. पण यादीत त्याला जागा कुठे आहे?

ए-१०४: ताई, मी कोणाला कमी लेखण्यासाठी लिहीत नव्हतो. वहीत आकडे मांडल्याशिवाय मला स्वतःला दम निघत नाही, म्हणून तेच सर्वांना सांगत राहिलो.

बी-३०२: आपली वही आपण जरूर ठेवा, काका. माझ्या ताटाविषयीचे वाक्य तेवढे मागे घ्या.

ए-१०४: घेतले.

सचिव: यादी काढून टाकली आहे. पुढच्या महिन्यापासून वजन ज्याचे त्याने ठेवावे. तक्त्यात चालण्याचे आणि व्यायामाचे दिवस राहतील आणि 'राखले' असा वेगळा रकाना असेल. भरण्याचे काम मात्र आळीपाळीने होईल.

ए-५०३: पहिला महिना माझ्याकडे द्या, काका. आणि वहिनी, उद्या सकाळी चालायला निघताना मी आपल्या दारावर टकटक करेन.

ए-१०४: डॉक्टर, कमरेचा घेर वहीत मांडायचा असेल तर फीत बेंबीवर धरावी का?

सी-२०१: बेंबीवर नको, काका. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड बोटांनी चाचपून दोन्हींच्या मधोमध धरावी, श्वास सहज सोडल्यावर वाचावी आणि आवळू नये. महिन्यातून एकदा पुरे.