जिंकल्याशिवाय मैदान भरत नाही: कॉलेज फुटबॉलच्या गर्दीविषयी

ब्लूमिंग्टनकर
2021 ते 2023 मी ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात एमएस केलं, आता इंडियानापोलिसला नोकरीला आहे. इथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लंबगोल चेंडूचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत बारा सामने, त्यातले सहा-सात घरच्या मैदानावर. वर्षातले एवढेच शनिवार.

माझ्या दोन वर्षांत त्या शनिवारी भरायचं ते स्टेडियमशेजारचं गवत. सकाळपासून पोरं जमायची, शेगड्या पेटायच्या, स्पीकर लागायचे. सामना सुरू झाला तरी निम्मी तिथंच. आत गेलेली हाफटाइमला बाहेर. मी आणि माझा नांदेडचा रूममेट चार क्वार्टरपैकी तिसऱ्या क्वार्टरला अख्ख्या रांगेत दोघंच पाय पसरून बसलेलो आहोत. 2021 ला 2 विजय, 10 पराभव. मग 4-8. मग 3-9.

2023 च्या शेवटी कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले. आल्याआल्या म्हणाले, ‘मी जिंकतो. गूगल करून बघा.’ 2024 च्या नियमित हंगामात बारापैकी अकरा जिंकले. 19 ऑक्टोबरला नेब्रास्काला 56-7 ने हरवलं, त्या दिवशी सगळी तिकिटं संपलेली. तोच रूममेट, तेच स्टेडियम. ॲल्युमिनियमच्या बाकावर बसायला कुणी तयारच नव्हतं, सगळे त्यावर उभे. पायाखालचा पत्रा थरथरत होता आणि रूममेट माझ्या कानाला तोंड लावून बोलत होता तरी मला ऐकू येत नव्हतं.

गाव तेच, विद्यापीठ तेच, गवतही तेच. बदलला तो निकाल. परंपरा, निष्ठा वगैरे सगळं खरं असेल, पण माणसं जिंकणाऱ्याला बघायला येतात. माझं ठाम मत आहे. कुणाचं वेगळं असेल तर सांगा.

लिंकनची_वहिनी
माझं वेगळं आहे. त्या 56-7 च्या दिवशी तुमच्या मैदानात नेब्रास्काचे जे लाल सदरेवाले दिसले असतील, ते सहाशे मैलांवरून आले होते हो. त्यात आमचे शेजारीही होते.

लग्न होऊन नेब्रास्कातल्या लिंकनला आले त्याला चौदा वर्षं झाली. इथलं मेमोरियल स्टेडियम नोव्हेंबर 1962 पासून प्रत्येक घरच्या सामन्याला पूर्ण विकलं गेलंय. 2024 मध्ये सलग चारशेवा सामना झाला. आणि संघाचं म्हणाल तर 2017 ते 2023 अशी ओळीनं सात वर्षं विजयांपेक्षा पराभव जास्त. 2021 ला बारापैकी नऊ हरले, आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. हातातोंडाशी आलेला घास दर आठवड्याला जायचा. तरी पुढच्या शनिवारी शेजारचे आजोबा सकाळी लाल जॅकेट घालून दारात उभे. त्यांची जागा त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मुलांमध्ये वाटणीचा विषय निघाला तेव्हा घराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, बोलणं झालं ते या दोन जागांवर.

या राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगमधला संघ एकही नाही. शेतावरचा माणूस, ओमाहाचा डॉक्टर, सगळ्यांचा संघ एकच. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं, असं इथे म्हणतात. माझ्या मुलाला आपल्या आजोबांचं गाव नकाशावर शोधावं लागतं, पण या शेजारच्या आजोबांजवळ बसून रन्झा, म्हणजे खिमा-कोबी भरलेला पाव, कुठल्या दारापाशी मिळतो ते त्याला पाठ आहे. हे विजयानं येत नाही.

हिशेबी
वहिनी, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण ‘विकलं गेलं’ आणि ‘माणसं आली’ यात फरक करायला हवा. 2021 मध्ये फोर्डम आणि बफेलो या संघांविरुद्धच्या दोन सामन्यांची तिकिटं उरली होती. देणगीदारांनी ती घेऊन गरजू मुलांना वाटली आणि मालिका वाचली. तेव्हा 1962 पासूनचा आकडा हा निष्ठेचा पुरावा म्हणून मला पुरेसा वाटत नाही.

हे फक्त नेब्रास्काचं नाही. जाहीर होणारी उपस्थिती बहुतेक ठिकाणी विकलेल्या आणि वाटलेल्या तिकिटांची असते. 2018 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं फाटकावर प्रत्यक्ष स्कॅन झालेल्या तिकिटांची माहिती गोळा केली, तर ती जाहीर आकड्याच्या सरासरी 71 टक्के भरली.

दुसरं, हंगामी तिकिटं सामने सुरू व्हायच्या महिनोन्‌महिने आधी विकली जातात. म्हणजे यंदाच्या गर्दीत गेल्या वर्षीचे विजय मिसळलेले असतात. ब्लूमिंग्टनकरांचं म्हणणं तपासायचं तर 2024 पेक्षा 2025 बघा.

लिंकनची_वहिनी
मुलांना तिकिटं वाटली हे खरं, मी नाकारत नाही. पण ज्या आकड्याचं कुणाला काही नाही, तो वाचवायला कुणी खिशात हात घालतं का? नऊ सामने हरलेल्या वर्षी घातला, हेच तर मी सांगतेय. आणि ती मुलं स्कॅन होऊनच आत गेली.

टस्कलूसाचा_पाहुणा
दोघांनाही सोडून तिसरंच सांगतो. मी अलाबामात पीएचडी केली, प्रशिक्षक निक सेबन यांच्या ऐन काळात. 2009 ते 2020 या अवधीत त्यांनी तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. विजयानं मैदान भरतं हे खरं असेल तर ब्रायंट-डेनी स्टेडियम शेवटच्या मिनिटापर्यंत ओसंडून वाहायला हवं होतं. वाहायचं नाही.

2013 मध्येच सेबन यांनी विद्यार्थी मध्येच उठून जातात म्हणून जाहीर नाराजी व्यक्त केली होती. 29 सप्टेंबर 2018, लुइझियाना-लाफायेटशी सामना, सकाळी अकराचा. मी होतो. ऊन असं की बाकाला हात टेकवत नव्हता, मांडीखाली वही घेऊन बसलो. हाफटाइमपर्यंत निकाल लागलेलाच होता, शेवटी 56-14 झालं. माझ्या खालच्या दहा-बारा रांगा तिसऱ्या क्वार्टरला साफ मोकळ्या. पुढच्या वर्षी विद्यापीठानं फोनवर ॲप आणलं: चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबा, गुण मिळवा, त्या गुणांवर मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत अग्रक्रम. देशातला सर्वोत्तम संघ, आणि पोरांना जागेवर बसवायला गुण द्यावे लागतात!

माणूस येतो तो काय होईल हे ठाऊक नसतं म्हणून. कोण जिंकणार हे सकाळी चहा पितानाच माहीत असेल तर उन्हात चार तास कशाला भाजायचं? त्यात दर थोड्या वेळानं टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो. घरी निदान पंखा असतो.

हिशेबी
हे अर्थशास्त्रात जुनं आहे. सायमन रॉटनबर्ग यांनी 1956 मध्ये बेसबॉलच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला होता, की निकाल अनिश्चित असला तर प्रेक्षक येतो. पण पाहुणे, तुमच्या रिकाम्या रांगा फक्त विद्यार्थ्यांच्या होत्या ना? पैसे मोजून आलेले बसूनच होते?

टस्कलूसाचा_पाहुणा
बरेचसे बसून होते, हो. हा मुद्दा मान्य.

निळी_पिवळी
मग विद्यार्थ्यांबद्दल मीही बोलते. 2014 मध्ये मी मिशिगनला, ॲन आर्बरमध्ये शिकत होते. एक लाखाहून जास्त माणसांचं स्टेडियम, 1975 पासून दर सामन्याला लाखाच्या वर उपस्थिती जाहीर होत आलेली. 2008 ला संघ 3-9 झाला, तेव्हाही मालिका तुटली नाही. म्हणजे हरणं त्या गावानं पचवलं होतं.

2014 ला जे झालं ते वेगळं होतं. त्याआधीच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या ठरलेल्या जागा काढून ‘आधी येईल तो पुढे’ केलं. चार वर्षं वाट पाहून पुढे आलेले सीनियर मागे ढकलले गेले. हंगामी तिकीट जवळजवळ 300 डॉलर. स्टायपेंडवर जगणाऱ्या मुलीसाठी तो महिन्याचा किराणा होता. आणि मग सप्टेंबरमध्ये बातमी आली की दुकानातून कोकच्या दोन बाटल्या घेतल्या की मिनेसोटाविरुद्धची दोन तिकिटं फुकट. बोंब झाल्यावर योजना मागे घेतली, पण आमच्या मनातून ती गेली नाही. आम्ही पैसे साठवून घेतलेली वस्तू कोकवर फुकट!

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या खोलीत पाचजणी होतो, दोघींनी तिथल्या तिथे पुढच्या वर्षी तिकीट न घेण्याचं ठरवलं. संघ 5-7 वर संपला, पण आम्ही उठलो ते त्यामुळे नाही. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरापर्यंत मोर्चा नेला, क्रीडा संचालक डेव्ह ब्रँडन यांनी 31 ऑक्टोबरला राजीनामा दिला. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांचं तिकीट 175 डॉलरवर आलं. तुम्ही सगळे विजय-पराभव मोजताय. आपल्याला गिऱ्हाईक समजतात की घरचं, हे माणसाला बरोबर कळतं.

ब्लूमिंग्टनकर
निळी_पिवळी, 2015 ला तिकीट स्वस्त झालं तसे नवे प्रशिक्षक जिम हार्बोही आले आणि संघानं दहा सामने जिंकले. नुसत्या स्वस्ताईनं लोक परतले असं कसं म्हणणार?

निळी_पिवळी
म्हणत नाहीच. पण हार्बो यायच्या आधी लोक का गेले, हे तुमच्या एका कारणात बसत नाही.

पेठेतला
मी कोल्हापूरचा, हा खेळ मी पाहिलेला नाही. पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा, गोल चेंडूच्या फुटबॉलचा सामना असतो तेव्हा कोण कितव्या नंबरावर आहे हे बघून कुणी येत नाही. तालीम आपली म्हणून येतात. वहिनींचं पटलं.

ब्लूमिंग्टनकर
सगळं दोनदा वाचलं. मला माझं म्हणणं सोडायचं नाही, पण थोडं आवरतो. इंडियानाला नेब्रास्कासारखी साठ वर्षांची पुंजी नव्हती. वरच्या श्रेणीतल्या कॉलेज संघांत 2024 अखेर सगळ्यात जास्त पराभव याच संघाच्या नावावर होते. इथे आजोबांनी नातवाला द्यायला जागा होत्या, पण घेणारा नातू गवतावर बसलेला होता. त्याला आत आणायला विजयच लागला, दुसरं काही चाललं नसतं. आत आल्यावर तो का थांबेल, हे मात्र मला सांगता येत नाही. 2024 च्या नियमित हंगामातला शेवटचा सामना आम्ही पर्ड्यूशी 66-0 ने जिंकलो तेव्हा मी आनंदानं घसा बसवून घेतला, पण चौथ्या क्वार्टरला माझ्याच रांगेतली चार मुलं जॅकेटं घालून निघाली होती. पाहुण्यांचं वाचताना ती आठवली.

30 ऑगस्ट 2025 ला नव्या हंगामाचा पहिला सामना आहे, ओल्ड डोमिनियनशी. साताऱ्याहून आई-बाबा आलेले असतील, दोघांची तिकिटं काढलीत. ऊन असेल, आणि समोरचा संघ तुलनेनं दुबळा. तिसऱ्या क्वार्टरला विद्यार्थ्यांच्या बाजूचा फोटो काढून इथे टाकतो.

लिंकनची_वहिनी
जरूर टाका. आणि आत शिरण्याआधी गवताचाही एक काढा.