एस्कलेशनचा टक्का एजंटच्या मूल्यमापनात धरावा का?

पहिलीफळी: मी ग्राहक सपोर्टमध्ये एल-वनची, म्हणजे तक्रार आधी हाताळणाऱ्या पहिल्या फळीची, शिफ्ट सांभाळते. या तिमाहीपासून आमच्याकडे प्रत्येक एजंटला टार्गेट आहे: हाताळलेल्या तिकिटांपैकी (म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींपैकी) ५ टक्क्यांहून जास्त वर पाठवली, म्हणजे एस्कलेट केली, जाता कामा नयेत, नाहीतर मूल्यमापनात गुण कापले जातात. पहिल्याच महिन्यात आकडा खाली आला आणि सगळे खूश झाले. मी मात्र तिकिटं उघडून वाचली. जे तिकीट पहिल्या तासात एल-टूकडे, म्हणजे वरच्या तज्ज्ञ फळीकडे, जायला हवं होतं ते तीन दिवस एजंटकडेच पडून होतं, आणि ग्राहकाकडे तोच स्क्रीनशॉट दोनदा मागितला होता. काही तिकिटं 'सोडवलं' म्हणून बंद केली होती. ग्राहकाने नवं तिकीट उघडलं की ते दुसऱ्याच एजंटच्या खात्यात पडतं, मग पहिल्याचा टक्का शाबूत राहतो. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ साली ब्रिटनच्या चलनधोरणाबद्दल लिहिताना हेच दाखवलं होतं: एखाद्या आकड्याला नियंत्रणासाठी जुंपलं की त्याचा जुना अर्थ टिकत नाही. माझं मत सरळ आहे. हे टार्गेट काढून टाका.

एलटू_रात्रपाळी: पूर्ण असहमत. टार्गेट नव्हतं तेव्हाचे दिवस आम्ही काढलेत. सकाळी रांग उघडावी तर नोंद एवढीच: 'ग्राहकाला अडचण आहे, कृपया पाहावे.' लॉग नाही, एरर मेसेज नाही, कधीपासून बिघडलंय तेही नाही. त्यात निम्मी कामं एजंटसाठीच्या मदत-लेखातली चौथी पायरी वाचली असती तर सुटणारी. खरोखर अडलेला ग्राहक त्या गर्दीत मागे राहायचा. तुम्हाला तीन दिवस धरून ठेवलेली तिकिटं दिसतात, मला विनाकारण वर आलेली दिसायची. आकड्याचा धाक नसेल तर वर ढकलणं हा सगळ्यात सोपा मार्ग असतो.

आकडेवाला: दोघांनाही एक हिशोब दाखवतो. १००० तिकिटांत ८० एस्कलेशन्स, म्हणजे ८ टक्के. समजा, पासवर्ड बदलायची सोय ग्राहकालाच दिली आणि तशी ४०० तिकिटं येणंच थांबलं. उरली ६००, एस्कलेशन्स तीच ८०, टक्का १३ च्या वर. काम सुधारलं आणि आकडा बिघडला. म्हणून टक्क्याशेजारी नुसती संख्याही मांडा. आणि दोन जाती वेगळ्या मोजा. एक, ज्ञान किंवा अॅक्सेस अपुरा म्हणून तज्ज्ञाकडे गेलेलं. दुसरी, ग्राहक चिडला किंवा मंजुरी हवी म्हणून साहेबाकडे गेलेलं. पहिलीवर उपाय प्रशिक्षण आणि चांगले लेख. दुसरीत बहुतेकदा एजंटला अधिकारच नसतो. छोटा परतावा द्यायलाही सही लागत असेल तर त्या एजंटचे गुण कापून काय होणार?

टीमलीड: कागदावर छान आहे. आम्ही कारणांची यादी दिली होती, चौदा पर्यायांची. महिनाभरात बहुतेक तिकिटांवर 'इतर'.

आकडेवाला: कारण पाठवणाऱ्याकडून भरून घेतलं की तसंच होतं, त्याला पुढचा कॉल घ्यायचा असतो. ज्याने तिकीट सोडवलं त्याने बंद करताना भरावं, कारण खरं काय होतं ते त्यालाच कळलेलं असतं. पर्याय पाच-सहाच ठेवा. आणि आठवड्याला वीस तिकिटं कुणीतरी मुळापासून वाचा. डॅशबोर्डवरून ते कळत नाही.

पहिलीफळी: अधिकाराचा मुद्दा अगदी खरा. शिवाय वर पाठवणं हा गुन्हा ठरला की माणसं लपवायला लागतात. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला दोष दिसला की तो दोरी ओढतो. मदत मागितली म्हणून त्याच्या नावावर काट मारत नाहीत.

एलटू_रात्रपाळी: ते उदाहरण पुढेही बघा. दोरी ओढली की टीम लीडर त्या जागी येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. काम उचलून दुसऱ्या विभागात फेकत नाहीत. आपल्याकडे तिकीट फेकलं की पाठवणाऱ्याचा संबंध संपतो, उत्तर काय निघालं हेही तो बघत नाही. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा वर. माझा खरा राग त्यावर आहे. एल-टूचा एक माणूस रोज तासभर एल-वनबरोबर बसावा, तिकीट त्याच एजंटच्या नावावर राहावं, ही कल्पना मला मान्य आहे. पण टार्गेट काढू नका.

पहिलीफळी: तासभर बसणार असाल तर मी उद्यापासून तयार आहे. टार्गेट ठेवायचंच तर पूर्ण टीमवर ठेवा, आणि बंद केल्यावर ७ दिवसांत पुन्हा उघडलेली तिकिटं त्याच पानावर दाखवा. त्याच ग्राहकाचं त्याच विषयावरचं नवं तिकीटही त्यात धरा. एस्कलेशन्स उतरली आणि ही वाढली, तर प्रश्न सुटलेले नाहीत.

टीमलीड: टीमवर टाकलं की जबाबदारी कुणाचीच राहत नाही, हा माझा अनुभव. एकाच एजंटकडून तोच साधा प्रश्न पाचव्यांदा वर जातोय, तर मी बोलू कुणाशी?

पहिलीफळी: त्याच्याशीच बोला, ती पाच तिकिटं समोर उघडून. त्याला टक्का दाखवून तो नेमका कुठे अडतो हे तुम्हालाही कळणार नाही.

एलटू_रात्रपाळी: आणि नोंदीत निदान तीन गोष्टी लिहायला लावा: ग्राहकाला काय करायचं होतं, काय करून पाहिलं, नेमका एरर काय आला. त्याशिवाय आलेलं तिकीट मी परत पाठवणार, आणि ते परत पाठवणंसुद्धा मोजा.