‘तुझा कौल घेतो की काय?’ : यातला कौल नेमका कुठला?

विंगेतून
आमच्या गावच्या जत्रेत यंदा पुरंदरच्या वेढ्यावरचं, १६६५ सालचं नाटक बसवतोय. मुरारबाजीचं काम करणारा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, आवाज खणखणीत. सभासद बखरीतला प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. मुरारबाजीची तलवार बघून मोगल सरदार दिलेरखान थक्क होतो, म्हणतो, कौल घे, तुला नावाजतो. मुरारबाजी उलट विचारतो, तुझा कौल म्हणजे काय, मी शिवाजी महाराजांचा शिपाई, तुझा कौल घेतो की काय. संहितेत आम्ही हे वाक्य जवळजवळ तसंच ठेवलं आहे.

तालमीत हा मुलगा ‘कौल’ म्हणताना मान वर करून गाभाऱ्यात बघावं तसं बघायचा. दोन दिवस मला उमजेना. विचारलं, तर म्हणाला, “खान काय देव आहे, त्याच्याकडून कौल घ्यायला? असंच ना?” त्याच्या डोळ्यांपुढे देवळातला कौल होता: मूर्तीला लावलेल्या पाकळ्या, भटजींचं गाऱ्हाणं, उजवी पडली की होकार. मी त्याला सांगितलं की हा कौल वेगळा, हा जिवाच्या अभयाचा शब्द. तो गप्प बसला, पण त्याला पटलं नव्हतं. घरी आल्यावर माझं सांगणं मलाही पुरतं पटेना.

दिग्दर्शक म्हणतात, ‘तुझं अभय’ करून टाका, लोकांना लगेच कळेल. मला ते वाक्य मोडवत नाही. हे दोन कौल एकच की वेगळे? आणि गोव्यातल्या प्रेक्षकांसमोर वाक्य ठेवायचं की बदलायचं? प्रयोग पंधरवड्यावर आला आहे.

जुनी वही
एकच. अरबीत कौल म्हणजे बोल, दिलेला शब्द. कव्वाली हा शब्दही त्याच मुळातला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत कौल जागोजागी भेटतो. गाव ओस पडलं की ते पुन्हा वसवायला रयतेला कौल देत: या, जमीन कसा, अमुक वर्षं सारा कमी घेऊ, कुणी उपद्रव देणार नाही. त्याचा कागद तो कौलनामा. किल्ला खाली करून देणाऱ्यालाही कौल देत, जिवाचा आणि वित्ताचा. खान देऊ करतो तो हा.

देवळातही तेच घडतं. आपण विचारतो आणि देव शब्द देतो. तुमच्या मुलानं अर्थ चुकवला असं मला वाटत नाही. त्यानं शब्दाचं एक दार उघडलं, तुम्ही दुसरं.

तळीकाठी
हे मान्य नाही. कुळाच्या देवाचा म्हणून तो कौल. कुल, त्यापासून कौल. आमच्या घरी लग्न ठरवायचं, घर बांधायचं, विहीर खणायची, सगळ्याला आधी कुलदेवतेचा कौल. पोर्तुगीजांच्या बाटाबाटीच्या काळात पूर्वजांनी मूर्ती डोक्यावर घेऊन रात्रीतून नदी ओलांडली. त्या देवाशी बोलण्याचा शब्द बाहेरून आला, हे मला पटणार नाही.

जुनी वही
तळीकाठी, तुमची भावना मी समजतो, माझेही पूर्वज त्याच वाटेनं आले. पण कुलापासून झालेला कौल हा शाक्तांचा पंथ, कौलमार्ग. त्याचा पाकळीशी संबंध जुळत नाही. आणि देवळात बाहेरचे शब्द म्हणाल तर सनई फारसीतून आली, नगारा आणि नौबत अरबीतून. पालखीसोबत चालणारं अब्दागीर हे फारसी आफताबगीर, ऊन अडवणारं. त्यानं पालखी बाटली नाही.

मंगळुरी छप्पर
तिसरा कौल राहिला, छपरावरचा. घरी आम्ही ‘नळे’ म्हणायचो आणि शाळेतल्या पुस्तकात ‘कौलं’ वाचायचो. पहिलीत मला वाटायचं की देव घरावर बसून कौल देतो, म्हणून ती कौलं. हा शब्द कपालापासून आला असावा असा माझा अंदाज आहे, खापरी ती कवटीसारखी.

स्वच्छ मराठी
चर्चा भरकटते आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. ‘अभय’ करा. सुंदर शब्द आहे, पोराटोरांना कळतो, आणि आपला आहे. महाराजांनीच राजव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांच्या शिपायाच्या तोंडी अरबी शब्द ठेवण्यात कसली निष्ठा? इथं गोव्यात मराठी टिकवायला आपण किती झगडतो हे मी सांगायला नको. निदान रंगमंचावर तरी ती निर्मळ असू द्या.

पेडण्याची लेक
स्वच्छ मराठी, तुमची तळमळ खोटी नाही, पण हिशेब चुकतो आहे. कोश राज्याभिषेकाच्या सुमाराचा आणि राज्याभिषेक १६७४ चा. पुरंदर त्याआधी नऊ वर्षं. शिवाय कोश दरबाराच्या कागदांसाठी होता. गडातून सातशे माणसं घेऊन बाहेर पडणाऱ्यानं बोलायचं कसं, यासाठी नव्हता.

आणि त्याच वाक्यात ‘शिपाई’ आहे. तोही फारसीच. कौल काढलात तर शिपाईही काढावा लागेल. मग ‘मी शिवाजी महाराजांचा सैनिक, तुझे अभय स्वीकारतो की काय?’ असं होईल. मोठ्यानं म्हणून बघा. तलवार म्यानात जाते.

स्वच्छ मराठी
ताई, ऐकायची सवय झाली की काहीही गोड वाटतं. ‘सैनिक’मध्ये कमीपणा काय आहे?

पेडण्याची लेक
कमीपणा काही नाही. पण शिपाई एकटा असतो, सैनिक सैन्यात असतो. त्या क्षणी तो एकटा आहे.

सत्तरीचा रानवाटा
विंगेतून बाब, तुमच्या पोराला एक गोष्ट सांगा. मुरारबाजी आधी जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी होता. १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली तेव्हा तो समोरच्या बाजूनं लढला, आणि मग महाराजांकडे आला. म्हणजे या माणसानं आयुष्यात एकदा कौल घेतलेला आहे. कौल घेणं म्हणजे काय, हे त्याला पक्कं माहीत आहे.

म्हणून वाक्यातला जोर ‘कौल’वर नको, ‘तुझा’वर हवा. तुझा कौल घेतो की काय. सत्तरीत आमच्याकडे रणमाले या लोकनाट्यात म्हातारे कलाकार हे बरोबर जाणत. कुठल्या शब्दावर पाय आपटायचा हे त्यांना सांगावं लागत नसे. वाक्य ठेवा, जोर बदला. मुलगा गाभाऱ्याकडे बघत असेल तर बघू दे, फक्त ‘तुझा’ म्हणताना खानाकडे वळू दे.

तळीकाठी
मग फितूर आणि निष्ठावंत यांत फरक काय उरला? मोऱ्यांशी निष्ठा होती ती कुठं गेली?

सत्तरीचा रानवाटा
मोरे हरेपर्यंत तो त्यांच्यासाठी लढला. धनी लढाईत उभा असताना त्यानं बाजू बदलली नाही. पोर्तुगीजांविरुद्धच्या आमच्या राण्यांच्या बंडांत, दिपाजींच्या १८५२ च्या उठावात, लोक हेच जोखायचे: कोण केव्हा गेला. गेला की नाही, यापेक्षा केव्हा.

मिठागर
‘निष्ठा’ या शब्दाचंच मला वावडं आहे, खरं सांगतो. निष्ठावंत म्हटलं की आता पक्षाचा कार्यकर्ता आठवतो. ‘इमान’ बघा. कुत्र्याला आपण इमानी म्हणतो, निष्ठावान म्हणत नाही. इमानाला वास असतो, घाम असतो. अरबीत त्याचा अर्थ धर्मावरची श्रद्धा. मराठीत येऊन ते धन्याशी, मित्राशी, धंद्याशी जोडलं गेलं.

आणि या सगळ्यांपेक्षा जवळचं ‘खाल्ल्या मिठाला जागणं’. माझे वडील आगरवाड्याच्या मिठागरात राबले. चैत्र-वैशाखात पायांना भेगा पडायच्या आणि त्यांत मीठ जायचं. कुणी कामात फसवलं तर ते एवढंच म्हणत, “मीठ विसरला.” मी बरीच वर्षं समजत होतो की हे आमच्या मिठाबद्दलच आहे, आमच्या आगरातलं मीठ कोणीतरी विसरला. नमकहराम हा शब्द नंतर शाळेत कळला. पण वडिलांचा अर्थ मला अजून सोडवत नाही.

स्वच्छ मराठी
मिठाला जागणं हे अस्सल मराठी आहे, याबद्दल दुमत नाही.

जुनी वही
‘जागणं’ आपलं आहे. मिठाची कल्पना मात्र फारसीतही आहे, हिंदीतही आहे. कोण कुणाकडून शिकलं हे मी ठामपणे सांगणार नाही. त्यात ‘जागणं’ मला फार आवडतं. हिंदीत मीठ ‘अदा करतात’, म्हणजे फेडतात. आपण फेडत नाही, त्याच्यासाठी जागे राहतो.

साळ नदीकाठचा
कौल मोडण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेज्वीत पाद्री मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या सोळा गांवकरांना, म्हणजे प्रमुखांना, असोळणेच्या किल्ल्यात बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि तिथंच मारलं. सोळांतला एक साळ नदीत उडी टाकून निसटला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. माझी आजी ही गोष्ट सांगताना म्हणायची, “शब्द दिला म्हणून गेले.” ती कौल म्हणत नसे, पण ते गेले ते कौलावरच ना?

म्हणून मला वाटतं, मुरारबाजीच्या वाक्यात एक सावधपणाही आहे. तुझा कौल म्हणजे काय? म्हणजे, त्याची किंमत काय? हे फक्त बाणेदार उत्तर नाही. शत्रूचा शब्द किती टिकतो, हे माहीत असलेल्या माणसाचा तो प्रश्न आहे.

विंगेतून
साळ नदीकाठचे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘म्हणजे काय’ हे आम्ही आजवर तुच्छतेनं म्हणवून घेत होतो. उद्या तालमीत खरा प्रश्न म्हणून विचारायला लावतो.

फूल आणि पानं
गोव्यात ‘कौल’ म्हटल्यावर आणखी एक आठवण न येणारा माणूस माझ्या पिढीत तरी नाही. १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. माझ्या आजोबांनी फुलावर शिक्का मारला आणि ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. आजोबा निकालाच्या दिवशी जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन आले आणि आजीला म्हणाले, “कौल झाला.” पुढं मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटतं, देवळातला अर्थ त्यांना उपयोगी पडला. पाकळी डावी पडली तर आपण देवाशी भांडत नाही.

स्वच्छ मराठी
आजोबांबद्दल आदर आहे. पण तो कौल देवाचा नव्हता, माणसांचा होता, आणि माणसांशी भांडता येतं.

फूल आणि पानं
त्यांना येत होतं. ते भांडले नाहीत.

पेडण्याची लेक
भांडणावरून आमच्या आत्याची गोष्ट सांगते, विषयाला धरून आहे. १९५५ च्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहात तिचा ठरलेला नवरा पकडला गेला आणि आग्वादच्या तुरुंगात गेला. किती वर्षं, कुणाला माहीत नव्हतं. घरात ठरलं की सोयरीक मोडावी की थांबावं, याचा देवीला कौल लावायचा. आत्या सतरा वर्षांची. ती म्हणाली, कौल लावायचाच असेल तर दुसऱ्या कशाचा लावा, माझा लावू नका. आजोबा संतापले, देवीचा अपमान म्हणाले. ती म्हणाली, साखरपुड्याला तुम्हीच देवीला विचारलं होतं, तेव्हा पाकळी उजवी पडली होती. तीच गोष्ट परत विचारून देवीला खोटी का पाडता?

चार पावसाळे थांबली. तो आला तेव्हा केस पांढरे झाले होते, तिशीही उलटली नव्हती. लग्नात आत्या रडली नाही, तो रडला. प्रेम, माया, निष्ठा असले शब्द आत्यानं कधी वापरलेले मी ऐकले नाहीत. ती एवढंच सांगे, “एकदा कौल झालेला होता.”

रानवाटा म्हणाले की मुरारबाजीनं एकदा कौल घेतलेला होता, तेव्हा मला ती आठवली. विंगेतून बाब, वाक्य बदलू नका, अशी माझी विनंती.

तळीकाठी
ताई, गोष्ट मनाला लागली. पण तुमच्या आत्याच्या बोलण्यातूनही माझंच म्हणणं सिद्ध होतं. तिच्यासाठी तो कुळाच्या देवीचा शब्द होता, खानाच्या शब्दाशी त्याचं नातं नाही.

जुनी वही
आणि मला त्यातून नेमकं उलटं दिसतं. दिलेला शब्द परत विचारायचा नसतो, हेच कौलनाम्याचं मर्म.

मंगळुरी छप्पर
एक विचारू? आत्या ‘कौल झाला’ म्हणायच्या, फूल आणि पानं यांचे आजोबाही ‘झाला’. रयतेला तो ‘देत’, मुरारबाजी ‘घेत’ नाही, आणि इथं सगळे देवळात ‘लावतात’. आमच्या काणकोणकडे ‘कौल मागलो’ असंही ऐकलं आहे. तुमच्या गावात कुठलं क्रियापद?

मिठागर
लावतात. आणि पडला की ‘उजवो दिलो’ म्हणतात.

साळ नदीकाठचा
आमच्या घरी कौल हा शब्दच नाही. आई म्हणते, ‘प्रसाद घेतला’. पाकळी पडली नाही तर ‘देव बोलला नाही’.

विंगेतून
आज तालीम झाली. दिग्दर्शक अजून ‘अभय’वर अडून आहेत, संहितेत दोन्ही शब्द पेन्सिलनं लिहिलेले आहेत. मुलगा ‘तुझा’ म्हणताना वळला. साळ नदीकाठचे, पाकळी पडलीच नाही तर तुमच्याकडे किती वेळ थांबतात?