नॉर्वेत तंबू घेऊन फिरलेलं कोणी आहे का?

तापीकाठ: आम्ही दोघं नवरा-बायको भुसावळचे, सध्या बर्गनला. आजवर तोरणमाळ अन् पाटणादेवी एवढंच फिरलोय. जुलैत ट्रोलटुंगा (कड्यातून जिभेसारखा बाहेर आलेला तो खडक) करायचाय, तंबू कुठेही टाकला तर चालतो का? हिला थंडीची फार धास्ती आहे.

सातपुडा_धुळे: चालतो भाऊ, तिथं १९५७चा कायदाच आहे, मोकळ्या रानात घरांपासून १५० मीटर लांब टाकायचा, दोन रात्रीपर्यंत कोणाला विचारायची गरज नाही. वाट सुरू होते त्या शेगेडालहून ट्रोलटुंगाला जाऊन-येऊन २७-२८ किमी होतं, १०-१२ तास लागतात, म्हणून दोन दिवसांत करा, घाई नका करू.

केळीची_बाग: वहिनींना सांगा सुती कपडे अजिबात नको, आपण कापसाच्या मुलखातले, सवयीने तेच घालतो, पण तिकडं पावसात भिजलं की वाळतच नाही अन् अंग गार पडतं, आतून लोकरीचंच घाला. आमच्या ह्यांना तिथंच हुडहुडी भरली होती, मी घाबरून गेले होते. दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी न्या. जंगलाजवळ १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जाळ करायला बंदी असते.

तापीकाठ: ताई, लोकरीचे कपडे उद्याच घेतो. दशम्या ही करणारच आहे!